टू-स्ट्रोक गाडीचा प्लग पुन्हा पुन्हा काळा पडतो तेव्हा: तपासणीचा नेमका क्रम

सातारा-सांगली भागात आरएक्स १००, यझ्दी, राजदूत आणि जुन्या टू-स्ट्रोक स्कूटर अजूनही रोजच्या कामाला आहेत. त्यांच्या मालकांकडून एक तक्रार सारखी ऐकू येते. नवा प्लग टाकला की गाडी चार दिवस नीट चालते, आणि पाचव्या सकाळी किकला दाद देत नाही. यात बहुतेकांची चूक एकाच ठिकाणी होते. प्लग बाहेर काढल्याबरोबर तो पॉलिश पेपरने घासला जातो आणि इंजिनाच्या आत काय चालले आहे हे सांगणारा सगळा पुरावा त्या कागदावर निघून जातो. त्यानंतर कोणी जेट (कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचे प्रमाण ठरवणारी बारीक छिद्राची नळी) बदलतो, तर कोणी ऑइल अंदाजाने कमी करतो, आणि हा दुसरा अंदाज कधीकधी पिस्टन जाम होण्यापर्यंत जातो. म्हणून खाली दिलेला क्रम बदलू नये. आधी प्लग वाचायचा, मग स्वस्त आणि खात्रीने तपासता येणाऱ्या गोष्टी पाहायच्या, आणि जेटला सगळ्यांत शेवटी हात लावायचा.

## पूर्वतयारी

काम सुरू करण्यापूर्वी नीट बसणारा प्लग पाना, फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पत्र्या), २० मेगाओहमपर्यंत मोजणारा मल्टिमीटर, मिलिलिटरच्या खुणा असलेले मोजपात्र किंवा औषधाची मोठी सिरिंज, थोडे रॉकेल, स्वच्छ सुती कापड आणि पांढरा कागद जवळ ठेवावा. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या क्रमांकाचे दोन नवे प्लग आणावेत. पुस्तिका नसेल, तर गाडीत आधीपासून असलेला प्लगच योग्य असेल असे गृहीत धरू नये, कारण वीस-तीस वर्षांत तो अनेक हातांनी बदललेला असतो.

याशिवाय एक वही लागते. कोणत्या दिवशी कोणता एकच बदल केला आणि त्यानंतर प्लग कसा दिसला, एवढेच तिच्यात लिहायचे. एका वेळी दोन बदल केले की गाडी कशामुळे सुधारली हे कळण्याचा मार्ग उरत नाही. ही शिस्त बहुतेकांना कंटाळवाणी वाटते, पण माझ्या अनुभवात सगळ्यांत जास्त पैसे हिनेच वाचवले आहेत.

## टप्पा १: प्लग काढणे

इंजिन हाताला सोसेल इतके थंड होऊ द्यावे. गरम अॅल्युमिनियमच्या हेडमधून प्लग जोराने काढला तर आटे प्लगबरोबर बाहेर येतात. प्लगभोवतीची माती आधी हवेने किंवा ब्रशने साफ करावी, कारण प्लग निघताच ती सरळ पिस्टनवर पडते. पाना सरळ धरावा, कारण तिरका धरल्यास चिनी मातीला बारीक तडा जातो आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

काढलेला प्लग पुसू नये. तो पांढऱ्या कागदावर ठेवून उन्हात पाहावा आणि मोबाइलवर जवळून एक फोटो घ्यावा.

पडताळणी: रात्रभर उभ्या असलेल्या, नुकतीच चोक ओढून किक मारलेल्या गाडीचा प्लग काही सांगत नाही. किमान आठ-दहा किलोमीटर नेहमीच्या वेगाने चाललेल्या गाडीचाच प्लग वाचावा.

## टप्पा २: प्लग वाचणे

मधल्या इलेक्ट्रोडभोवतीच्या पांढऱ्या चिनी मातीचे टोक चालत्या इंजिनात साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर तापले, तरच त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. ते सुमारे ८५० अंशांच्या पुढे गेले, तर ठिणगीआधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो. या दोन मर्यादांच्या मध्ये प्लग स्वतःला साफ ठेवतो. तापमान खाली राहिले की काजळीचा थर जमतो. हा थर विजेचा वाहक असल्यामुळे ठिणगीसाठी लागणारा विजेचा दाब गॅपमध्ये (दोन इलेक्ट्रोडमधल्या फटीत) साठण्याऐवजी चिनी मातीवरून बॉडीत गळून जातो. मेकॅनिक ज्याला ‘प्लग शॉर्ट झाला’ म्हणतात ते हेच. बाहेर काढलेला प्लग उघड्या हवेत ठिणगी देतो आणि आत दाबाखाली देत नाही, ही नेहमी बुचकळ्यात पाडणारी गोष्टही यामुळेच घडते.

आता रंग आणि पोत पाहू. कोरडी, मखमलीसारखी, बोटाला लागणारी काळी पूड असेल, तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे, किंवा प्लगच गरजेपेक्षा थंड प्रकारचा (उष्णता लवकर बाहेर सोडणारा) आहे, किंवा गाडी फार हळू आणि फार थोडी चालते आहे. ओला, चकचकीत, बोटात चिकटणारा काळा थर म्हणजे ऑइल. ते टाकीतून किंवा पंपातून जास्त आलेले असते, नाहीतर गिअरबॉक्समधून आत ओढले गेलेले असते. हे दोन्ही प्रकार दिसायला सारखे असल्याने प्लगचे टोक पांढऱ्या कागदावर टेकवून दहा मिनिटे थांबावे. पेट्रोल उडून जाते आणि कागद जवळपास कोरडा होतो, पण ऑइलचा पिवळसर, पारदर्शक डाग राहतो. पेट्रोलने ओला, पण काजळी नसलेला प्लग मुळात ठिणगी नसल्याचे किंवा कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होत असल्याचे दाखवतो.

टू-स्ट्रोकमध्ये हमखास दिसणारा आणखी एक प्रकार म्हणजे गॅपमध्ये अडकलेला कार्बनचा बारीक खडा किंवा केसासारखा तंतू. बाकी प्लग साफ असतो, गाडी चालता चालता एकदम बंद पडते, आणि प्लग काढताना तो खडा गळून पडला तर कारण कधीच सापडत नाही. असे दोनदा झाले, तर हेड उघडून पिस्टनच्या माथ्यावरचा, हेडमधला आणि एक्झॉस्ट पोर्टमधला कार्बन खरवडावा. लाकडी किंवा पितळी पट्टी वापरावी, हॅकसॉ ब्लेड वापरू नये.

नीट चालणाऱ्या गाडीचा प्लग फिकट तपकिरी ते कॉफीच्या रंगाचा असतो. मात्र जुन्या पुस्तिकांतील चित्रांशी तो तंतोतंत जुळेल अशी अपेक्षा ठेवू नये. देशभर २००० सालापासून शिसेविरहित पेट्रोल आहे, आता त्यात इथेनॉलही असते, आणि त्यामुळे रंग आधीपेक्षा फिका दिसतो.

इशारा: प्लग पांढराफटक असेल, चिनी मातीवर फोड असतील किंवा अॅल्युमिनियमचे चमकते कण चिकटलेले असतील, तर हा लेख बाजूला ठेवून गाडी चालवणे थांबवावे. ही काजळीच्या उलट अवस्था आहे, आणि तिचा शेवट पिस्टन जाम होण्यात होतो.

पडताळणी: मल्टिमीटरची एक पिन प्लगच्या वरच्या टोकाला आणि दुसरी बॉडीच्या आट्यांना लावावी. चांगल्या प्लगमध्ये कोणताही आकडा येत नाही. १० मेगाओहमपेक्षा कमी आकडा आला, तर वरून कितीही साफ दिसला तरी तो प्लग गळतो आहे आणि बदलायला हवा.

## टप्पा ३: प्लगचा क्रमांक आणि गॅप

प्लग गरम की थंड, हे त्याच्या क्रमांकावर ठरते, आणि इथे दोन कंपन्यांची पद्धत एकमेकींच्या अगदी विरुद्ध आहे. एनजीकेमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, त्यामुळे ७ पेक्षा ८ थंड असतो. बॉशच्या, म्हणजे आपल्याकडे ज्याला अजून मायको म्हणतात त्या, सध्याच्या क्रमांकात आकडा लहान म्हणजे प्लग थंड, म्हणून ७ पेक्षा ५ थंड. त्यातही मायकोच्या जुन्या डब्यांवर १७५, २२५ असे आकडे असत आणि त्यात मोठा आकडा थंड होता. दुकानात ‘याच्या बदली हा चालेल’ असे सांगून दिलेला प्लग या गोंधळातून उलट्या दिशेचा निघतो, आणि मग महिनाभर कार्ब्युरेटरला दोष दिला जातो.

आट्यांची लांबीही जुळली पाहिजे. यातील बहुतेक गाड्यांना १४ मिलिमीटर व्यासाचा आणि १२.७ मिलिमीटर आट्यांचा प्लग लागतो. १९ मिलिमीटरचा बसवला तर तो पिस्टनला धडकू शकतो. गॅप पुस्तिकेप्रमाणे ठेवावा. बहुतेक ठिकाणी तो ०.६ ते ०.७ मिलिमीटर असतो. जुन्या, कमकुवत मॅग्नेटवर (इंजिनाबरोबर फिरून ठिणगीची वीज तयार करणाऱ्या भागावर) मोठा गॅप ठेवल्याने ठिणगी मोठी होत नाही, ती अधूनमधून चुकते आणि प्लग काळा होतो.

प्लग पूर्ण हाताने फिरवत बसवावा. नवा असल्यास वॉशर टेकल्यानंतर पान्याने सुमारे अर्धा फेरा आणि थोडा अधिक द्यावा. जुनाच परत बसवत असल्यास एक अष्टमांश फेरा पुरतो.

नेहमीची चूक: प्लग तारेच्या ब्रशने घासणे किंवा वाळूच्या यंत्रात साफ करणे. तारेचा धातू चिनी मातीवर पेन्सिलीच्या रेघांसारखा उमटतो आणि नवी गळती तयार होते. वाळूचा कण बॉडीच्या खोबणीत अडकून पुढे सिलिंडरमध्ये पडतो. रॉकेलने धुऊन, कापडाने पुसून, पूर्ण वाळवून तात्पुरते काम भागवावे. पेट्रोलने भिजलेला प्लग गॅसच्या शेगडीवर धरू नये.

## टप्पा ४: ऑइल मोजणे

ऑइलच्या बाबतीत पहिला प्रश्न असा विचारावा की या गाडीत ऑइल जाते कुठून. राजदूत १७५, यझ्दी आणि जुन्या स्कूटरमध्ये ते पेट्रोलमध्ये मिसळावे लागते. आरएक्स १०० आणि आरडी ३५० यांना वेगळी ऑइलची टाकी आणि पंप असतो. पण सेकंडहँड घेतलेल्या कितीतरी आरएक्सचा पंप आधीच्या मालकाने बंद केलेला असतो. पंप चालू असताना पेट्रोलमध्येही ऑइल टाकले, तर दुप्पट ऑइल जाऊन प्लग आठवड्यात ओला होतो. पंप बंद असताना तो चालू आहे असे समजून नुसते पेट्रोल भरले, तर पुढच्या चढावर पिस्टन जाम होतो. म्हणून ऑइलची नळी कुठून निघते आणि कुठे पोहोचते, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

मिसळण्याचे प्रमाण पुस्तिकेतलेच घ्यावे. लिटरमागे २० मिली म्हणजे ५० ला १, २५ मिली म्हणजे ४० ला १, आणि ४० मिली म्हणजे २५ ला १. पाच लिटर पेट्रोलला ४० ला १ या प्रमाणात १२५ मिली ऑइल लागते, त्याहून एक झाकणही जास्त नाही. मी वर्षानुवर्षे ‘लिटरला एक झाकण’ असे टाकत होतो. एकदा ते झाकण सिरिंजने मोजले तेव्हा त्यात ३५ मिली मावत होते, म्हणजे मी दर लिटरला १० मिली जास्त टाकत होतो. ऑइल वेगळ्या कॅनमध्ये पेट्रोलबरोबर हलवून मगच टाकीत ओतावे. नुसते टाकीत ओतलेले ऑइल तळाशी बसते आणि पहिले काही किलोमीटर तेच आत जाते.

ऑइल टू-स्ट्रोकचेच, कमी धुराचे, डब्यावर जासो (ऑइलचे जपानी मानक) एफसी किंवा एफडी लिहिलेले घ्यावे. फोर-स्ट्रोकचे इंजिन ऑइल पेट्रोलमध्ये मिसळू नये. त्यातली धातूयुक्त रसायने जळत नाहीत आणि प्लगवर राखेचा टणक थर चढतो.

पंप असलेल्या गाडीत केबलला योग्य ढील आहे का आणि पंपाच्या चकतीवरची खूण पुस्तिकेत सांगितलेल्या अॅक्सिलरेटरच्या स्थितीत जुळते का, हे पाहावे. रोज सकाळच्या पहिल्या किकला खूप धूर येऊन नंतर तो कमी होत असेल, तर पंपाची झडप रात्रभर गळून क्रँककेसमध्ये (पिस्टनखालच्या बंद कप्प्यात) ऑइल उतरत असल्याची शक्यता मोठी असते.

इशारा: धूर कमी व्हावा म्हणून ऑइल पुस्तिकेतल्या प्रमाणाच्या खाली आणू नये. प्लगची किंमत आणि बोअर-पिस्टनची किंमत यांची तुलनाच होत नाही.

## टप्पा ५: चोक, फिल्टर आणि फ्लोट

चोक बंद केला तरी तो खरोखर बंद होतो का, हे अनेकजण कधीच पाहत नाहीत. आरएक्ससारख्या कार्ब्युरेटरमध्ये चोक म्हणजे एक छोटा दट्ट्या असतो आणि त्याच्या तळाशी रबराची गोल टिकली असते. ही टिकली झिजली, कडक झाली किंवा तिच्यावर दट्ट्याचा खोल ठसा उमटला, की तिथून सतत जास्तीचे पेट्रोल जाते. दट्ट्या काढून ती टिकली नखाने दाबून पाहावी.

फोमचा फिल्टर रॉकेलमध्ये धुऊन, पिळून, पूर्ण वाळवून, हलके ऑइल लावून बसवावा. आपल्या रस्त्यांवर, विशेषतः गळीत हंगामात कराड, वाळवा, इस्लामपूर पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्यांमागची धूळ इतकी असते की सहा महिन्यांची सफाई पुरत नाही. फिल्टर काढून गाडी चालवून पाहणे हा उपाय नाही, कारण त्याने मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होते आणि धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते.

गाडी रात्रभर उभी केल्यावर सकाळी कार्ब्युरेटरखाली पेट्रोलचा वास किंवा ओल असेल, तर फ्लोटची (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या डबीची) नीडल नीट बसत नाही. नीडलच्या टोकावर बोट फिरवल्यास झिजेची कडी हाताला लागते. फ्लोट कानाजवळ धरून हलवावा. आत पेट्रोल शिरले असेल तर ते खळखळते.

सायलेन्सरही याच टप्प्यात काढून पाहावा. आतली नळी ऑइलच्या कार्बनने भरली असेल, तर जळालेला वायू बाहेर पडत नाही आणि प्लग काळा होतो. काही जण ती नळी कॉस्टिक सोड्यात भिजवतात. तसे करायचे असल्यास रबरी हातमोजे आणि चष्मा घालून उघड्यावर करावे, आणि अॅल्युमिनियमचा कोणताही भाग त्यात टाकू नये, कारण तो सोड्यात विरघळतो आणि ज्वलनशील वायू निघतो.

## टप्पा ६: ठिणगी

नवा प्लग कॅपमध्ये लावून बॉडी हेडला घट्ट टेकवावी, पण प्लगच्या छिद्रापासून दूर, कारण किक मारताना त्यातून पेट्रोलचे फवारे येतात. सावलीत किक मारल्यावर ठिणगी निळसर, टणक आणि ऐकू येईल अशी असावी. पिवळट, बारीक, मधूनच चुकणारी ठिणगी असेल, तर आधी कॅप फिरवून काढावी, वायरचे टोक अर्धा सेंटिमीटर कापून कॅप पुन्हा बसवावी आणि परत पाहावे. पावसाळ्यात कासच्या धुक्यात किंवा कोयनेच्या बाजूला फिरलेल्या गाडीच्या कॅपमध्ये हिरवट गंज सापडणे नित्याचे आहे.

पॉइंट (उघडझाप करून ठिणगीची वेळ साधणारी धातूची टोके) असलेल्या गाडीत त्यांचा गॅप साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर असतो. पॉइंटवर मोठी, निळी-पांढरी ठिणगी उडत असेल, तर कंडेन्सर बदलावा. तो स्वस्त असतो आणि जुना तपासत बसण्यात अर्थ नसतो.

## टप्पा ७: क्रँकचे ऑइल सील

ऑइलचे माप बरोबर आहे, फिल्टर साफ आहे, ठिणगी जोरदार आहे, तरीही प्लग ओला होत असेल, तर संशय क्लचच्या बाजूच्या सीलवर (क्रँकच्या दांड्याभोवतीच्या रबरी कड्यावर) घ्यावा. टू-स्ट्रोकची क्रँककेस प्रत्येक फेऱ्याला हवा आत ओढते. क्लचच्या बाजूचे सील कडक झाले की तिथून गिअर ऑइल आत येते आणि जळते. मॅग्नेटच्या बाजूचे सील गेले तर ऑइल येत नाही, हवा येते, आणि मिश्रण लीन होऊन प्लग पांढरा पडतो. एकाच प्रकारच्या दोन सीलची लक्षणे अशी विरुद्ध असतात.

माझ्या स्वतःच्या आरएक्स १००ला एका पावसाळ्यात दोन महिन्यांत पाच प्लग लागले. एका मेकॅनिकने दोन वेळा मेन जेट लहान केला. दर वेळी दोन दिवस बरे गेले आणि गाडी यवतेश्वरच्या घाटात पुन्हा फडफडू लागली. इंजिनाखाली ऑइलचा एक थेंबही पडत नव्हता, त्यामुळे गिअरबॉक्सचा विचार कोणाच्या मनात आला नाही. शेवटी मी गिअर ऑइल काढून मोजले. मापाने भरलेल्या ऑइलपैकी ९० मिली गायब होते, आणि उरलेल्याला पेट्रोलचा वास येत होता. सील बदलल्यानंतर आठवणीने जुना, मोठा जेट परत बसवला. तो विसरलो असतो, तर गिअर ऑइल बंद झालेले आणि पेट्रोलही कमी, अशा अवस्थेत इंजिन फार दिवस टिकले नसते.

पडताळणी: गिअर ऑइल पुस्तिकेतल्या मापाने, मोजून भरावे. ३०० किलोमीटरनंतर गाडी सपाट जागी उभी करून ते पूर्ण गळू द्यावे आणि पुन्हा मोजावे. बाहेर गळती नसताना ठळक घट दिसली, तर सील बदलावे. काही गाड्यांत हे काम एक बाजू उघडून होते, काहींत क्रँककेस पूर्ण उघडावी लागते. तेव्हा दोन्ही बाजूंची सील एकदमच बदलावीत.

## टप्पा ८: मिश्रण आणि चाचणी फेरी

वरचे सातही टप्पे झाल्याशिवाय जेटला हात लावू नये. मिश्रण बदलताना कोणत्या स्थितीत प्लग काळा होतो ते आधी ठरवावे. आयडलला आणि अगदी थोड्या अॅक्सिलरेटरवर पायलट जेट व एअर स्क्रूचे काम असते, मधल्या भागात अॅक्सिलरेटरबरोबर वर-खाली होणाऱ्या नीडलचे (ही फ्लोटची नीडल नव्हे) आणि शेवटच्या पाव भागात मेन जेटचे. कार्ब्युरेटरच्या फिल्टरकडच्या बाजूला असलेला एअर स्क्रू बाहेर फिरवला की हवा वाढते आणि मिश्रण लीन होते. पेट्रोलचा स्क्रू समजून तो उलटा फिरवणारे कितीतरी जण मी पाहिले आहेत. नीडलची क्लिप एक खाच वर बसवली की नीडल खाली येते आणि मिश्रण लीन होते. एका वेळी एकच खाच बदलावी.

चाचणीसाठी नवा प्लग घालून गाडी आधी पूर्ण गरम करावी. मग कोरेगाव रस्त्यासारख्या सपाट आणि मोकळ्या जागी दोन-तीन किलोमीटर एकाच अॅक्सिलरेटरवर चालवावी, मागे वाहन नसल्याची खात्री करून क्लच दाबावा, त्याच क्षणी इंजिन बंद करावे आणि कडेला थांबावे. आयडलवर येऊन बंद केलेल्या गाडीचा प्लग आयडलचे मिश्रण दाखवतो, आणि आपल्याला ते पाहायचे नसते.

इशारा: ही चाचणी महाबळेश्वरला करून जेट ठरवू नये. तिथली उंची साधारण १,३५० मीटर आहे, हवा विरळ असल्याने मिश्रण आपोआप रिच (पेट्रोल जास्त) होते आणि प्लग थोडा काळा दिसतोच. तो पाहून लहान जेट बसवला आणि गाडी साताऱ्यात, किंवा त्याहून खाली सांगलीत आणली, तर ती लीन चालेल.

## चालवण्याची पद्धत

दुरुस्ती नीट झालेली गाडीही फक्त सांगली-मिरज अशी सिग्नल ते सिग्नल, किंवा रोज दोन किलोमीटर डेअरीपर्यंत चालवली, तर प्लग कधीच पुरेसा तापत नाही. अशा गाडीला आठवड्यातून एकदा तरी पंधरा-वीस किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर न्यावे. एवढा वापर शक्य नसेल, तर पुस्तिकेत पर्याय म्हणून दिलेला एक क्रमांक गरम प्लग घालावा आणि लांबच्या प्रवासाआधी तो आठवणीने काढावा.

पसरणी किंवा यवतेश्वरचा घाट उतरताना अॅक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवून इंजिनाच्या जोरावर गाडी रोखत आणू नये. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेल्या गाडीत त्या वेळी वेगात फिरणाऱ्या पिस्टनला ऑइल जवळपास मिळत नाही आणि प्लगही थंड पडतो. ब्रेकवर उतरावे, मधून मधून क्लच दाबून अॅक्सिलरेटर थोडा द्यावा. खाली पोहोचल्यावर लगेच बंद न करता दोन-तीन किलोमीटर मोकळी चालवावी.

दुरुस्तीनंतर ३०० किलोमीटरला प्लग पुन्हा काढून कागदावर ठेवावा, पहिल्या दिवशी घेतलेल्या फोटोशेजारी त्याचा नवा फोटो घ्यावा आणि वहीत तारीख व किलोमीटर लिहावेत.